इंटरमिटंट फास्टिंगने वजन खरोखर कमी होते का, आणि काटा मध्येच का थांबतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे गृहस्थ ४१ वर्षांचे आहेत. उंची १६८ सेंटिमीटर, वजन ८६ किलो. दुपारी १२ ते रात्री ८ या आठ तासांतच खायचे आणि उरलेले सोळा तास पाण्यावर काढायचे, म्हणजे ज्याला सर्वसाधारणपणे १६:८ म्हणतात, तो इंटरमिटंट फास्टिंगचा क्रम त्यांनी सुरू केला. पहिल्या दहा दिवसांत अडीच किलो वजन उतरले आणि त्यानंतर पाच आठवडे काटा जागचा हलला नाही. ही पद्धत मुळात काम करते का, की आपलेच काही चुकते आहे, असे त्यांनी विचारले आहे.

पद्धत काम करते. मात्र ती ज्या कारणाने काम करते असे बहुतेकांना वाटते, ते कारण बरोबर नाही, आणि तुमच्या अडलेल्या काट्याचे उत्तर त्या गैरसमजातच आहे. उपवासाच्या तासांमध्ये चरबी जाळणारी अशी कोणतीही वेगळी शक्ती नसते. खाण्याचे तास कमी झाल्यामुळे अनेक माणसांचे खाणे आपोआप कमी होते आणि जेवढे खाणे कमी होते तेवढेच वजन उतरते. ज्यांचे खाणे कमी होत नाही, त्यांनी सोळा काय, अठरा तास उपवास केला तरी काटा हलत नाही.

प्रथम त्या अडीच किलोंकडे पाहू, कारण त्यांनीच तुमची अपेक्षा वाढवून ठेवली आहे. एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी साठवलेल्या असतात. दहा दिवसांत अडीच किलो शुद्ध चरबी जायची असेल, तर रोज सुमारे १,९०० कॅलरींची तूट पडायला हवी. तुमचे वय, उंची आणि वजन पाहता, बैठे काम धरून, तुमचा दिवसभराचा एकूण खर्चच अंदाजे २,३०० ते २,४०० कॅलरींच्या आसपास असेल. म्हणजे तुम्ही ते दहा दिवस रोज जेमतेम पाचशे कॅलरींवर काढलेले असावेत, आणि तसे झालेले नाही. मग गेले काय? यकृत आणि स्नायूंमध्ये ग्लायकोजेन या रूपात कर्बोदकांचा साठा असतो; यकृतात साधारण १०० ग्रॅम आणि स्नायूंमध्ये त्याच्या तीन-चार पट. या साठ्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेले असते. खाणे आवरले की हा साठा थोडा उतरतो आणि त्याच्याबरोबर पाणी जाते. मीठ कमी पोटात गेले की आणखी पाणी जाते, आणि आतड्यात एरवी असणारे अन्नही कमी होते. पहिल्या दहा दिवसांतील घट मुख्यतः हीच असते. ती खोटी नाही, पण ती चरबीही नाही, आणि ती एकदाच होते. त्या वेगाशी पुढच्या आठवड्यांची तुलना करणे हा बहुतेकांच्या निराशेचा उगम असतो.

आता मूळ मुद्दा: खाण्याच्या वेळेला, खाण्याच्या प्रमाणापासून वेगळे, काही महत्त्व आहे का? यासाठी सर्वांत उपयोगी प्रयोग तोच, ज्यात दोन्ही गटांना मोजून सारखेच अन्न दिले जाते आणि फक्त वेळा बदलल्या जातात. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी असा एक प्रयोग २०२४ मध्ये प्रसिद्ध केला. ४१ जणांना बारा आठवडे तयार जेवण पुरवण्यात आले. एका गटाने ते दहा तासांच्या अवधीत, बहुतांश कॅलरी दुपारी १ च्या आधी घेऊन खाल्ले, दुसऱ्याने नेहमीच्या वेळांना. पहिल्या गटाचे वजन सरासरी २.३ किलोंनी, दुसऱ्याचे २.६ किलोंनी उतरले. अन्न सारखे, तर घट सारखी. प्रयोग लहान आहे, हे खरे. पण मोठ्या आणि दीर्घ चाचण्यांचा कलही हाच आहे. चीनमधील ग्वांगझू येथे १३९ स्थूल व्यक्तींवर वर्षभर चाललेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दोन्ही गटांना कॅलरींची एकच मर्यादा घालून दिली होती आणि एका गटाला सकाळी ८ ते दुपारी ४ याच वेळेत खाण्यास सांगितले होते. वर्षअखेरीस त्या गटाचे वजन सरासरी ८ किलोंनी आणि दुसऱ्याचे ६.३ किलोंनी कमी झाले. ऐकायला फरक वाटतो, परंतु संख्याशास्त्राच्या कसोटीवर तो टिकला नाही.

कॅलरींची मर्यादा न घालता केवळ वेळ बांधून दिली तर काय होते? इथे निकाल दोन तोंडांचे आहेत आणि दोन्ही लक्षात ठेवण्यासारखे आहेत. सॅन फ्रान्सिस्को येथील २०२० च्या चाचणीत ११६ जणांपैकी एका गटाला, अगदी तुमच्यासारखेच, दुपारी १२ ते रात्री ८ या वेळेत हवे ते आणि हवे तेवढे खाण्यास सांगितले. दुसऱ्या गटाला दिवसातून तीन वेळा ठरलेले जेवण. बारा आठवड्यांनी पहिल्या गटाची घट ०.९४ किलो आणि दुसऱ्याची ०.६८ किलो भरली. एवढा फरक सकाळी पाण्याचा एक पेला जास्त प्यायल्यानेही पडतो. याउलट शिकागोत वर्षभर चाललेल्या, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, हीच १२ ते ८ ची वेळ पाळणाऱ्यांचे वजन काहीच न करणाऱ्यांच्या तुलनेत साडेचार किलोंहून अधिक उतरले. मात्र या लोकांना आहारतज्ज्ञांचा नियमित सल्ला होता, आणि त्यांनी कॅलरी न मोजताही रोजचे खाणे सरासरी चारशेहून अधिक कॅलरींनी कमी केल्याचे नोंदींत दिसले. त्याच चाचणीतील तिसरा गट कॅलरी मोजून खात होता आणि त्याचेही वजन जवळजवळ तेवढेच घटले. वेळ तीच, निकाल वेगळे. फरक पडला तो ताटात.

येथे इन्सुलिनचा युक्तिवाद हमखास पुढे येतो: उपवासात इन्सुलिन खाली जाते, इन्सुलिन खाली गेले की चरबी मोकळी होते, म्हणून उपवासाने चरबी जळते. यातील प्रत्येक वाक्य सुटे घेतले तर खरे आहे. चूक आहे ती हिशोब सोळा तासांतच बंद करण्याची. उपवासात मोकळी झालेली चरबी पुढच्या आठ तासांत पुन्हा भरली गेली की चोवीस तासांची गोळाबेरीज शून्य होते. शरीर हे रोज रात्रीही करते. प्रश्न दिवसाच्या शेवटी काय उरले याचा असतो, आणि ते एकूण आवक व एकूण खर्च यांवर ठरते.

वेळेचा काहीच परिणाम नाही, असा याचा अर्थ घेऊ नये. अलाबामा विद्यापीठात २०१८ मध्ये एक छोटा पण काटेकोर प्रयोग झाला. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या आठ पुरुषांनी पाच आठवडे दुपारी ३ च्या आत दिवसाचे शेवटचे जेवण घेतले. त्यांचे वजन मुद्दाम स्थिर ठेवले होते, तरीही इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद सुधारला आणि रक्तदाब उतरला. आठ माणसांवरून सिद्धांत मांडता येत नाही, पण दिवसाच्या पूर्वार्धात खाणे शरीराच्या घड्याळाशी अधिक जुळते, असे मानण्यास जागा आहे. पुढे तिथेच ९० जणांवर झालेल्या चाचणीत सकाळी ७ ते दुपारी ३ या वेळेत खाणाऱ्यांचे वजन चौदा आठवड्यांत ६.३ किलोंनी, तर बारा तासांहून अधिक काळ खाणाऱ्यांचे ४ किलोंनी कमी झाले. म्हणून मी माझ्याकडे येणाऱ्यांना, आठ तास निवडायचेच असतील तर ते शक्य तितके अलीकडे सरकवा, असे सांगतो. दुपारी ३ ला जेवण संपवणे नोकरी-संसार असलेल्या माणसाला झेपत नाही, याचीही मला कल्पना आहे. १० ते ६ हा मधला मार्ग अनेकांना जमतो.

रोजच्या तासांऐवजी दिवसांचा उपवास करणाऱ्या पद्धतींचे काय? ५:२ मध्ये आठवड्यातील दोन दिवस पाचशे-सहाशे कॅलरींवर काढायचे असतात. एकाआड एक दिवसाच्या पद्धतीत नावाप्रमाणे दर दुसऱ्या दिवशी. यांत तूट मोठी आणि ठळक असते, त्यामुळे वजन उतरण्याची खात्री १६:८ पेक्षा जास्त, असे माझे मत आहे. कोलोरॅडोत १६५ जणांवर झालेल्या आणि २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आठवड्यातील तीन दिवस खाणे ८० टक्क्यांनी घटवणाऱ्यांचे वजन वर्षभरात ७.६ टक्क्यांनी, तर रोज थोडे कमी खाणाऱ्यांचे ५ टक्क्यांनी कमी झाले. उपवासाच्या बाजूने लागलेल्या मोजक्या चांगल्या निकालांपैकी हा एक. पण याच्यासमोर शिकागोची २०१७ ची चाचणी ठेवावी लागते: शंभर जण, एक वर्ष, घट ६ टक्के आणि ५.३ टक्के, म्हणजे बरोबरी. आणि एकाआड एक दिवस उपवास करणाऱ्यांपैकी ३८ टक्के लोक मध्येच सोडून गेले, तर रोज कमी खाणाऱ्यांपैकी २९ टक्के. कागदावर सर्वांत जोरकस दिसणारी पद्धत माणसे सर्वांत आधी सोडतात, हे प्रत्यक्ष व्यवहारातही दिसते.

आता तुमच्या अडलेल्या पाच आठवड्यांकडे येऊ. पाच आठवडे वजन स्थिर आहे, याचा अर्थ तुमची आवक आणि खर्च यांची आज बरोबरी झालेली आहे. चयापचय बंद पडलेले नाही आणि शरीर उपासमारीच्या भीतीने चरबी धरूनही बसलेले नाही. वजन घटल्यावर खर्च थोडा कमी होतो हे खरे, पण अडीच किलोंच्या घटीने तो इतका उतरत नाही.

अशा वेळी मी आठवडाभराची खाण्याची वही मागवतो आणि सरासरी पाहण्याआधी नोंदींच्या वेळा पाहतो. एका वहीतील संध्याकाळ अजून आठवते, कारण तशा संध्याकाळी पुढे अनेक वह्यांत सापडल्या. सव्वासातला व्यवस्थित, मोजके जेवण. सात चाळीसला दोन बिस्किटे. सात पन्नासला उभ्या उभ्या दोन मुठी सुकामेवा, आणि आठला दोन मिनिटे कमी असताना दूध-साखर घातलेली कॉफी. समोर पेन्सिलीने लिहिलेले कारण: ‘आता उद्या दुपारपर्यंत काहीच नाही.’ भूक अजिबात नव्हती. दार बंद होण्याची धास्ती होती. दोन मुठी सुकामेव्याच्या साडेतीनशेच्या आसपास कॅलरी होतात, बिस्किटे आणि कॉफी मिळून आणखी दोनशे धरा. सकाळचा नाश्ता सोडून जे वाचवले होते, ते रात्री वीस मिनिटांत परत गेले. तुमच्या आठ तासांच्या दोन्ही टोकांकडे याच नजरेने पाहा: दुपारी १२ ला तुम्ही जेवता की तुटून पडता, आणि साडेसात ते आठ या अर्ध्या तासात काय घडते.

दुसरी जागा म्हणजे सुट्टीचे दिवस. सोमवार ते शुक्रवार रोज ३०० कॅलरींची तूट पडली तर ती १,५०० होते. शनिवारी आणि रविवारी प्रत्येकी ७५० जास्त गेल्या की आठवड्याचा हिशोब शून्यावर येतो, आणि माणूस मात्र प्रामाणिकपणे सांगतो की मी पाच दिवस काटेकोर पाळतो. तिसरी शक्यता हालचालीची. सडपातळ लोकांवरील इंग्लंडमधील बाथ विद्यापीठाच्या प्रयोगात, सकाळी न खाणाऱ्यांची सकाळची हालचाल नकळत कमी झाल्याचे आढळले होते. सगळ्यांच्या बाबतीत असे होईलच असे नाही, पण पायऱ्यांऐवजी लिफ्ट धरण्याचे प्रमाण या महिन्यात वाढले आहे का, हे स्वतःला विचारून पाहावे.

काट्यापेक्षा मला अधिक काळजी वाटते ती स्नायूंची, आणि या विषयावर उत्साहाने बोलणारे लोक नेमके तिथेच गप्प असतात. वर उल्लेखिलेल्या सॅन फ्रान्सिस्कोच्या चाचणीत ज्यांची शरीररचना यंत्राने मोजली, त्यांच्यातील उपवास करणाऱ्यांनी सरासरी १.७ किलो गमावले आणि त्यातील १.१ किलो चरबीविरहित वस्तुमान, म्हणजे स्नायू, पाणी वगैरे, होते. एरवी वजन घटताना हा वाटा पाव भागाच्या आसपास असतो. बाथ विद्यापीठाच्या २०२१ च्या प्रयोगातही हेच दिसले. ३६ सडपातळ व्यक्तींपैकी जे रोज थोडे कमी खात होते, त्यांनी गमावलेल्या १.९१ किलोंपैकी १.७५ किलो चरबी होती. जे एकाआड एक दिवस पूर्ण उपवास करून खाण्याच्या दिवशी दीडपट खात होते, त्यांनी १.६ किलो गमावले, पण त्यातील चरबी जेमतेम ०.७४ किलो. हे दोन्ही निकाल तीन ते बारा आठवड्यांचे आहेत आणि सर्व चाचण्यांत असे दिसलेले नाही. तरी कारण समजण्यासारखे आहे: एक जेवण गेले की त्यातील प्रथिनेही जातात आणि राहिलेल्या दोन जेवणांत ती भरून काढली जात नाहीत. मूत्रपिंडाचा आजार नसेल तर तुमच्या वजनाला दिवसाला साधारण १०० ग्रॅम प्रथिने हवीत आणि ती एकाच ताटात कोंबण्याऐवजी दोन-तीन वेळांत विभागलेली असावीत. आठवड्यातून निदान दोनदा वजन उचलण्याचा किंवा स्वतःच्या शरीराचे वजन वापरून केलेला व्यायाम हवा. चालणे उत्तमच, पण ते स्नायू राखण्याचे काम पुरेसे करत नाही.

उपवासाने पेशींची साफसफाई होते, या दाव्याबद्दल नेहमी विचारले जाते. ऑटोफॅजी ही प्रक्रिया खरी आहे. तिच्या यंत्रणेच्या शोधासाठी योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चे नोबेल मिळाले आणि त्यांचे मूळ काम यीस्टवरचे होते. मात्र माणसाने सोळा तास न खाल्ल्याने ती किती वाढते आणि त्याचा आरोग्याला किती उपयोग होतो, हे प्रत्यक्ष मोजलेले पुरावे फार तोकडे आहेत. वजन घटवण्याशी तर त्याचा संबंधच नाही. उलट बाजूची भीतीही अशीच सैल पायावर उभी आहे. २०२४ च्या मार्चमध्ये अमेरिकेतील एका वैद्यकीय परिषदेत, आठ तासांत खाणाऱ्यांमध्ये हृदयविकाराने मृत्यूचा धोका ९१ टक्क्यांनी अधिक आढळल्याचे सांगण्यात आले आणि त्याच्या मोठ्या बातम्या झाल्या. ते निरीक्षण होते, चाचणी नव्हती. लोकांनी दोन दिवसांचे खाणे आठवून सांगितले, त्यावरून त्यांच्या वर्षानुवर्षांच्या सवयींचा अंदाज बांधला होता. आजारपणामुळे किंवा भूक मेल्यामुळे कमी वेळा खाणारे लोकही त्यात असू शकतात. त्या एका आकड्याने घाबरून जाण्याचे कारण नाही.

घाबरण्याचे कारण आहे ते औषधांच्या बाबतीत, आणि तुम्ही आपल्या औषधांविषयी काहीच लिहिलेले नाही, म्हणून हे सविस्तर सांगतो. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या चालू असतील, तर जेवण वगळल्यावर रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. उपवास सुरू करण्याआधीच डॉक्टरांकडून मात्रा बदलून घ्यावी लागते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातील मधुमेहाच्या औषधांवर दीर्घ उपवास केल्यास रक्तात किटोन आम्ले (चरबी जळताना तयार होणारी आम्ले) साचण्याचा धोका असतो, आणि विशेष म्हणजे त्या वेळी साखर फारशी वाढलेली नसल्याने निदान चुकते. रक्तदाबाच्या, विशेषतः लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांना पहिल्या काही आठवड्यांत उठताना चक्कर येऊ शकते. लिथियम हे मनोविकारावरील औषध घेणाऱ्यांच्या शरीरातील पाणी आणि मीठ कमी झाले तर औषधाची रक्तातील पातळी चढते. गाउट हा सांधेदुखीचा आजार असलेल्यांना उपवासात युरिक आम्ल वाढून झटका येऊ शकतो. वजन फार वेगाने उतरले की पित्ताशयात खडे होण्याचे प्रमाणही वाढते.

गरोदर आणि स्तनपान देणाऱ्या स्त्रिया, अठरा वर्षांखालील मुले, आधीच कमी वजनाच्या व्यक्ती आणि अशक्त वृद्ध यांनी हा मार्ग घेऊ नये. खाण्यासंबंधीचा मानसिक विकार पूर्वी कधी होऊन गेला असेल, तर मी उपवासाची परवानगी देत नाही, कितीही आग्रह झाला तरी. अशा व्यक्तींच्या बाबतीत घड्याळ हे नियंत्रणाचे साधन न राहता आजाराचेच हत्यार होते, आणि सुरुवातीच्या आठवड्यांत ते बाहेरून शिस्तीसारखेच दिसते.

औषधे नसतील आणि यांपैकी काही लागू नसेल, तर तुम्ही पद्धत लगेच सोडावी असे मला वाटत नाही. तुम्ही ती जवळजवळ दीड महिना पाळली आहे, म्हणजे सकाळची भूक तुम्हाला फार छळत नसावी, आणि हीच या पद्धतीसाठीची खरी पात्रता आहे. पुढचे सहा आठवडे असे करून पाहा. वेळ शक्य असल्यास १० ते ६ किंवा ११ ते ७ अशी अलीकडे घ्या. शेवटचे जेवण हेच शेवटचे खाणे. त्यानंतर घड्याळात वीस मिनिटे उरली तरी ती सोडून द्यायची. पहिल्या दोन आठवड्यांत जे पोटात जाईल ते सर्व, सुट्टीच्या दिवसांसह, खाल्ल्याबरोबर लिहून ठेवा. उपवासाच्या तासांत पाणी, बिनदुधाचा-बिनसाखरेचा चहा किंवा कॉफी चालेल. रोज सकाळी शौचानंतर, काही खाण्यापिण्याआधी वजन करा आणि एकेका आकड्याकडे न पाहता आठवड्याची सरासरी मागच्या आठवड्याच्या सरासरीशी ताडून पाहा. महिन्यातून दोनदा बेंबीच्या पातळीवर कंबर मोजा, कारण व्यायाम सुरू केल्यावर कधी कधी काट्याआधी कंबर उतरते.

आठवड्याला पाव ते अर्धा किलो ही घट तुमच्यासाठी चांगली समजावी. तीन-चार महिन्यांत चार किलोंच्या आसपास उतरले, तर ते तुमच्या वजनाच्या जवळजवळ पाच टक्के होते आणि रक्तदाब, साखर व यकृतातील चरबी यांवर त्याचा परिणाम तपासण्यांत दिसू लागतो. सहा आठवड्यांनंतरही सरासरी एका किलोनेही खाली आली नसेल, किंवा दिवसाचा मोठा भाग पुढच्या जेवणाचा विचार करण्यातच जात असेल, तर वेळेचे बंधन काढून टाका आणि वहीतून कळलेल्या जागी खाणे कमी करून तीन वेळा जेवा. वर दिलेल्या बहुतेक चाचण्यांत वेळेचे बंधन न पाळता कमी खाणाऱ्या गटाचे वजनही जवळपास तेवढेच उतरले आहे.